मुंबईतील राजघराण्याची स्थलनामे : उगम, नामांतर आणि लोकस्मृती

प्रस्तावना

शहरातील रस्ते, बागा, गोद्या आणि स्थानके यांची नावे केवळ पत्ता सांगण्यापुरती नसतात. कोणत्या काळी कोणाची सत्ता होती, त्या सत्तेशी स्थानिक समाजाचे नाते कसे होते आणि पुढे ते नाते कसे पालटले, याची ती नोंद असते. वसाहतीच्या काळात वाढलेल्या शहरांच्या बाबतीत हे विशेषत्वाने खरे आहे.

मुंबईचा इंग्लंडच्या राजघराण्याशी संबंध एका विवाहातून जुळला. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या आंदणात मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सकडे आले आणि १६६८ मध्ये त्याने ते वार्षिक १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. मात्र राजघराण्याची नावे शहरभर झळकू लागली ती त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार संपून राणीचे राज्य सुरू झाले आणि त्यानंतरच्या सुमारे साठ-सत्तर वर्षांत व्हिक्टोरिया, अल्बर्ट, एडवर्ड, अलेक्झांड्रा, प्रिन्स, प्रिन्सेस, किंग आणि क्वीन या शब्दांनी मुंबईचा नकाशा भरून गेला. एल्फिन्स्टन, फ्रियर, सँडहर्स्ट, लॅमिंग्टन इत्यादी गव्हर्नरांची नावे या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत, कारण त्यांचा संबंध प्रत्यक्ष प्रशासनाशी होता. ज्यांनी शहरावर कधी प्रत्यक्ष कारभार केला नाही आणि ज्यांपैकी काहींनी ते डोळ्यांनीही पाहिले नाही, अशा व्यक्तींची नावे येथे का लागली, हा प्रश्न वेगळा आहे.

उद्दिष्टे

१) मुंबईत राजघराण्याची नावे कोणत्या मार्गांनी आली, हे पाहणे.
२) त्या नावांना झालेला विरोध समजून घेणे.
३) स्वातंत्र्योत्तर नामांतराचे प्रकार आणि त्यांचे लोकस्मृतीवरील परिणाम तपासणे.

नामकरणाचे मार्ग : देणगी, महोत्सव आणि शाही भेट

ही नावे लंडनहून हुकूम आल्यामुळे लागली, असा सर्वसाधारण समज आहे. पुरावा मात्र वेगळे सांगतो. बहुतेक ठिकाणी नाव राजघराण्याचे, तर पैसा, पुढाकार किंवा गरज स्थानिक, असे चित्र दिसते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. राणीने राज्यकारभार हाती घेतल्याच्या स्मरणार्थ संग्रहालय उभारण्याची कल्पना १८५८ च्या अखेरीस नागरिकांच्या सभेत पुढे आली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी या कामी पुढाकार घेतला. शेजारचे व्हिक्टोरिया गार्डन १८६२ मध्ये, तर संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. राणीच्या नावाखाली शहराला सार्वजनिक बाग आणि ज्ञानसंस्था मिळवून घेण्याचा तो प्रयत्न होता.

स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातही हेच दिसते. युवराज एडवर्ड आणि डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा यांचा विवाह १८६३ मध्ये झाला. त्याच वर्षी माणेकजी करसेटजी यांनी मुलींसाठी इंग्रजी शिक्षण देणारी शाळा काढली व तिला अलेक्झांड्राचे नाव दिले. मुलींच्या इंग्रजी शिक्षणाकडे समाज संशयाने पाहत असताना भावी राणीचे नाव हे त्या शाळेला एक प्रकारचे संरक्षक कवच होते.

मुंबईबाहेर पाहिले तरी हाच व्यवहार आढळतो. जमशेटजी टाटा यांनी नागपूरची गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी सुरू केली आणि ती 'एम्प्रेस मिल' म्हणून ओळखली गेली. त्याच टाटांनी १८८६ मध्ये कुर्ल्याची गिरणी घेऊन तिला 'स्वदेशी' हे नाव दिले. एकाच उद्योजकाने नऊ वर्षांच्या अंतराने दिलेली ही दोन नावे शेजारी ठेवली, म्हणजे राजनिष्ठेची भाषा आणि स्वावलंबनाची भाषा त्या पिढीत परस्परविरोधी मानली जात नव्हती, हे ध्यानात येते.

नामकरणाचा दुसरा मार्ग म्हणजे राज्यारोहणाचे महोत्सव. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवी वर्षात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेल्या बोरीबंदरच्या भव्य स्थानकास 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव मिळाले आणि त्याच वर्षी 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. गिरण्यांच्या शहराला यंत्रविद्या जाणणारी माणसे हवी होती. महोत्सव हे निमित्त होते.

तिसरा मार्ग शाही भेटींचा. १८७५ मध्ये युवराज एडवर्ड मुंबईस आला. त्याने कोनशिला बसविलेली गोदी 'प्रिन्सेस डॉक' झाली. त्याच्या भेटीच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये उभा राहिला. पुढे १९१४ मध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या गोदीस अलेक्झांड्रा राणीचे नाव मिळाले. १९०५ मध्ये पुढील युवराज, म्हणजे नंतरचा पाचवा जॉर्ज, आला असता ११ नोव्हेंबर रोजी 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम'ची कोनशिला बसली. या संग्रहालयाच्या देणगीदारांत सर करीमभॉय इब्राहिम यांच्यासारखे स्थानिक धनिक होते.

नावांमागील असंतोष

या नामकरणाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. देणगी देणारा वर्ग लहान होता आणि ज्यांच्या घरांवरून, पोटावरून ही नावे गेली तो वर्ग फार मोठा होता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीत समुद्राचे वारे खेळावे म्हणून रुंद रस्ते काढले. काळबादेवी परिसरातील प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांपैकी एक. रस्त्याच्या आखणीत आलेली घरे पाडली गेली आणि तेथील भाडेकरूंना अन्यत्र आसरा शोधावा लागला. नव्या रस्त्यावरील पाटीवर राजघराण्यातील स्त्रीचे बिरुद आले. ज्यांची घरे गेली त्यांची आठवण त्या पाटीत कोठेच नव्हती.

प्रत्यक्ष निषेधही झाला. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांच्या देणगीतून घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून कोट भागात उभा होता. १८९६ मध्ये दामोदर चापेकर यांनी त्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. पुढील वर्षी, २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर पुण्यात गोळी झाडली गेली. ज्या महोत्सवांनी शहरांना नावे दिली, त्याच महोत्सवाची रात्र या कृत्यासाठी निवडली गेली, हा योगायोग मानता येत नाही.

१९२१ पर्यंत हा असंतोष रस्त्यावर आला होता. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन युवराज मुंबईस उतरला, तेव्हा असहकाराच्या चळवळीने भेटीवर बहिष्कार पुकारला होता. परदेशी कापडाची होळी झाली. स्वागतास गेलेले आणि बहिष्कार घालणारे यांच्यात दंगली उसळल्या, बळी गेले आणि व्यथित झालेल्या गांधीजींनी उपोषण केले. यानंतर दोन महिनेही लोटले नव्हते, तोच १० जानेवारी १९२२ रोजी 'प्रिन्स ऑफ वेल्स' हे नाव धारण करणारे संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. नाव १९०५ च्या मुंबईने दिलेले होते, दार मात्र १९२२ च्या मुंबईत उघडले.

राजाचे नाव आणि राष्ट्रीय आशय यांचे विलक्षण मिश्रण परळच्या 'किंग एडवर्ड मेमोरियल' रुग्णालयात दिसते. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या महापालिकेच्या रुग्णालयास सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. अध्यापकपदे सरकारी सेवेत नसलेल्या पात्र भारतीयांनाच मिळावीत, अशी या महाविद्यालयाच्या देणगीमागील अट होती. रुग्णालयावर सम्राटाचे नाव आणि आत केवळ भारतीय अध्यापक, अशी ही रचना होती. नावावरून संस्थेचे राजकारण ठरविणे किती फसवे असते, याचा याहून बोलका पुरावा नाही.

स्वातंत्र्योत्तर नामांतर

१९४७ नंतर ही नावे एकदम गेली नाहीत. प्रथम पुतळे हलले. एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हटविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या बागेत नेऊन ठेवला गेला. नामांतराची प्रक्रिया मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालली आणि तिच्यात चार प्रकार स्पष्ट दिसतात.

पहिला प्रकार प्रतिस्थापनेचा. परकीय राजवंशाच्या जागी स्वकीय राज्यसंस्थापकाचे नाव येते. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि २०१७ मध्ये नावात 'महाराज' हे पद जोडले गेले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला १९९८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे नाव मिळाले. अलेक्झांड्रा गोदी इंदिरा गोदी झाली. येथे सत्तेच्या प्रतीकाला सत्तेच्याच प्रतीकाने उत्तर दिलेले आहे.

दुसरा प्रकार अर्थपूर्ण प्रत्युत्तराचा. क्वीन्स रोडला महर्षी कर्वे यांचे नाव आले. राणीच्या रस्त्यावर स्त्रीशिक्षणाच्या प्रवर्तकाचे नाव यावे आणि त्याच परिसरात त्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचे मुख्यालय असावे, हे औचित्यपूर्ण आहे. प्रिन्सेस स्ट्रीट शामळदास गांधी मार्ग झाला. १९४७ मध्ये जुनागढच्या नवाबाविरुद्ध स्थापन झालेल्या 'आरझी हुकूमती'चे नेतृत्व शामळदास गांधींनी केले होते. राजकन्येच्या रस्त्यावर एका संस्थानी राजवटीविरुद्ध लढलेल्या नेत्याचे नाव आले.

तिसरा प्रकार आद्याक्षरे सांभाळण्याचा. १९९७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही 'वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट' झाली. 'व्हिक्टोरिया ज्युबिली'च्या जागी 'वीरमाता जिजाबाई' आल्याने 'व्हीजेटीआय' हे संक्षिप्त रूप अबाधित राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पदवीधरांची ओळखही टिकली.

चौथा प्रकार सर्वांत दुर्मीळ, तो म्हणजे खऱ्या कर्त्याला त्याचे श्रेय परत देण्याचा. १९७५ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. संग्रहालयासाठी झटलेल्या माणसाचे नाव शंभर वर्षांनंतर दारावर आले. येथे इतिहास पुसला न जाता अधिक उजळला.

लोकांच्या तोंडची नावे

या सर्व घडामोडींत सामान्य मुंबईकराने स्वतःची स्वतंत्र नामव्यवस्था चालविली. व्हिक्टोरिया गार्डन त्याच्यासाठी 'राणीची बाग' होती. १९६९ मध्ये ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली, तरी 'राणीची बाग' हे नाव टिकले. या शब्दातली राणी कोणती, हे आज तेथे येणाऱ्या मुलाला ठाऊक नसते आणि त्याचे त्यावाचून अडतही नाही. व्हिक्टोरिया टर्मिनस त्याच्या तोंडी 'व्हीटी' किंवा 'बोरीबंदर' होते. यातील दुसरे नाव १८५३ च्या पहिल्या आगगाडीच्याही आधीचे. एडवर्डच्या पुतळ्यातील स्वार लोकभाषेने जमेसच धरला नाही. चौक 'काळा घोडा' झाला. १९६५ मध्ये घोडा गेला तरी चौकाचे नाव राहिले आणि २०१७ मध्ये तेथे स्वाराविना काळ्या घोड्याचे शिल्प बसविले गेले. राजाला वगळण्याचा लोकभाषेचा जुना निर्णयच जणू शिल्पाने मान्य केला.

या उलट, गेटवे ऑफ इंडिया १९११ मधील पाचव्या जॉर्जच्या आगमनाचे स्मारक असूनही त्याच्या नावात राजा नाही, म्हणून नामांतराचा प्रश्न तेथे तीव्र झाला नाही. कोरीव लेख तसाच आहे. समोर १९६१ पासून शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे.

हा विषय अद्याप संपलेला नाही. २०२४ मध्ये राज्य विधिमंडळाने मुंबईतील काही रेल्वेस्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा ठराव केला. त्यात किंग्ज सर्कल स्थानकास तीर्थंकर पार्श्वनाथ यांचे नाव देण्याचा समावेश होता.

निष्कर्ष

१) मुंबईतील राजघराण्याची नावे मुख्यतः स्थानिक देणगीदार, महोत्सव आणि शाही भेटी यांतून आली. त्यांत राजनिष्ठा होती, तशीच शाळा, संग्रहालय व तंत्रशिक्षण पदरात पाडून घेण्याची व्यवहारदृष्टीही होती.

२) या नावांविरुद्धचा असंतोष स्वातंत्र्यानंतरचा नसून १८९६ पासून उघडपणे दिसतो.

३) मूळ नावाने स्थानिक कर्त्यांना एकदा झाकले. असंबद्ध नामांतराने ते दुसऱ्यांदा झाकले जातात. जेथे नव्या नावाचा जागेच्या इतिहासाशी संबंध जुळतो, तेथे नामांतर समाजाच्या ज्ञानात भर घालते.

४) म्हणून नामांतर करताना जुने नाव, नामकरणाचे वर्ष, देणगीदार आणि त्या कामात विस्थापित झालेली वस्ती यांची नोंद त्या जागी मराठी फलकावर करणे इष्ट ठरेल. राणी आणि राजपुत्रांची नावे गेल्याने शहराचे नुकसान होत नाही. त्या नावांआडची आपली माणसे विसरली गेली, तर मात्र ते निश्चित होते.