शब्दवेध : लोकानुनय

‘अनुनय’ म्हणजे मनधरणी. शब्द ‘अनु + नी’तून आला, ‘नेता’ही त्याच ‘नी’ धातूचा, म्हणजे नेणारा. नेताच मनधरणीला लागला की नेणं संपतं. खरा धोका मात्र ‘लोक’ या पहिल्या पदात आहे: त्यात कोण मोडतं, हे नेता ठरवू लागतो. १९८८च्या महापालिका निवडणुकीनंतर बाळासाहेब ठाकरे यांनी औरंगाबादला ‘संभाजीनगर’ म्हटलं. संभाजीराजांविषयीचा आदर खराच, हा आक्षेप रास्त. पण आदल्याच वर्षीच्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली त्यांची भाषणं धर्माच्या नावावर मतं मागणारी होती, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये मान्य केलं. मनधरणी डावेही करतात, सवलती वाटून. पण सवलतींचा हिशेब तरी मागता येतो, शत्रुत्वाचा कसा मागणार? २०२३मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. नळाला रोज पाणी तेव्हाही येत नव्हतं.