पांझरेचा फड आणि वालेन्सियाचा गुरुवार

स्पेन देशाचे नाव निघाले की आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांच्या मनात प्रथम उभा राहतो तो झेवियरचा किल्ला. ज्यांचा देह गोव्याच्या बॉम जेझू मंदिरात विसावला आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ साली नाव्हार प्रांतातील याच किल्ल्यात जन्मले. त्यामागोमाग लॉयोला, मान्रेसा, माँसेरात, आव्हिला ही नावे येतात. आम्हीही त्याच यात्रेस निघालो होतो, आणि त्या स्थळी जे मिळावयाचे ते आम्हांला मिळालेही. परंतु त्या पवित्र स्थळांविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. आमचा हा लेख आहे तो स्पेनमधील एका मंदिराच्या दाराविषयी. आणि त्या दाराशी उभे असता आम्हांला आमच्या पिंपळनेरच्या पाटाची आठवण का झाली, याविषयी.

वालेन्सिया हे शहर भूमध्य समुद्राच्या काठी, तुरिया नदीच्या मुखाजवळ वसले आहे. तेथील कॅथेड्रलमध्ये अकीक दगडाचा एक प्राचीन प्याला जतन केलेला आहे. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी हाती घेतला तो हाच, अशी तेथील भाविकांची परंपरागत श्रद्धा. १४३७ सालापासून तो या मंदिरात आहे. १९८२ साली पोप दुसरे जॉन पॉल व २००६ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी वालेन्सियात मिस्सा अर्पण करताना तोच हाती घेतला होता. यात्रेकरूंची रांग त्या दर्शनासाठी आत सरकत होती. आम्हीही रांगेत होतो. पण तो गुरुवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते, आणि मंदिराच्या 'प्रेषितांच्या दारा'समोर गर्दी जमू लागली होती. आम्ही रांग सोडली.

मिकालेत नावाच्या घंटाघरातून बाराचे ठोके पडले. दारासमोर वर्तुळाकार मांडलेल्या खुर्च्यांवर काळे अंगरखे घातलेली शेतकरी मंडळी येऊन बसली. चेहरे उन्हाने रापलेले. तुरियेतून निघणाऱ्या आठ पाटांचे हे प्रतिनिधी. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले, आणि प्रत्येक जण स्वतः शेती करणाराच असावा लागतो. हातात पितळी आकडी घेतलेला चोपदार पुढे आला आणि एकेका पाटाचे नाव घेऊन, त्या पाटावर कोणाची तक्रार आहे काय, असे पुकारू लागला. क्वार्त, मिस्लाता, फावारा, रास्कान्या, मेस्ताल्या... (फुटबॉल पाहणाऱ्या तरुण वाचकांना यातले शेवटचे नाव ठाऊक असेल. वालेन्सियाच्या प्रसिद्ध मैदानाला ते नाव या पाटावरूनच मिळाले.) हेच ते वालेन्सियाचे पाणी न्यायालय. येथे वकील नाही. फिर्याद तोंडी, जबाब तोंडी, निकालही तिथल्या तिथे तोंडी. लिहून ठेवतात तो केवळ निर्णय. ज्या पाटाची तक्रार असेल त्या पाटाच्या प्रतिनिधीला निकालात भाग घेता येत नाही. निकालावर अपील नाही. अध्यक्ष बोलण्याची पाळी हाताने नव्हे, पायाने खूण करून देतात, अशी जुनी रीत सांगतात. आम्हांला ती पाहावयास मिळाली नाही, कारण त्या दिवशी कोणाचीच तक्रार नव्हती. पाच-सात मिनिटांत मंडळी उठली. प्रवासी किंचित हिरमुसले. आम्हांला मात्र ते रिकामे न्यायालय फार आवडले.

आता पिंपळनेरकडे वळू. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस, साक्री तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगररांगा सुटून पांझरा सपाटीला लागते तेथे आमचे गाव आहे. इंग्रजी अमलात पिंपळनेर या नावाचा तालुकाच होता. पांझरा, आणि दक्षिणेकडे नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम, या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धतीची बागायत चालत आली आहे. नदीत एक बसका दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट. पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांतून प्रत्येक वावरापर्यंत जाणारे सारंग. हे झाले बांधकाम. त्यामागची युक्ती मात्र बांधकामात दिसत नाही. बंधाऱ्याखालची सारी जमीन तीन किंवा चार फडांत वाटलेली असते. एका फडात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात हंगामी पीक, आणि दरसाल त्यांची पालट. प्रत्येक कुटुंबाचे वावर शक्यतो प्रत्येक फडात असते. नदी आटली आणि एकाच फडाला पाणी पुरेल अशी वेळ आली, तर गाव बसून ठरवते की यंदा अमुक फड भिजवायचा, बाकीचे कोरडे ठेवायचे. कोणाचेही सर्वस्व जात नाही, कोणाचेही सर्व वाचत नाही. दुष्काळाची वाटणी आधीच जमिनीच्या नकाशात करून ठेवलेली आहे. पाणी देणारा हातही शेतमालकाचा नव्हे. पाट सांभाळणारा पाटकरी, वावरांना पाणी देणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि या सर्वांवर हवालदार, ही माणसे लाभधारकांनी नेमायची आणि त्यांचा मोबदला पिकातून द्यायचा. नियम कोणत्या कागदावर नाहीत. तंटा झाला तर पंच सांगतील ते.

वालेन्सियाच्या त्या दारात आम्ही पाहिले ते आमच्या पंचांचे भाऊबंद होते.

हे साम्य कोठून आले? एकाने दुसऱ्याचे पाहून केले, असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. परंतु काही धागे दोन्हीकडे पोहोचतात. वालेन्सियाची बागायत अरबी राजवटीत बहरली. न्यायालयाचा आरंभ ९६० साली कोर्दोव्याच्या खलिफाच्या काळात झाला अशी परंपरा आहे; इतिहासकार त्या नेमक्या सालाविषयी साशंक आहेत, तरी १९६० साली त्याची सहस्राब्दी थाटात साजरी झाली. पाटाला स्पॅनिश भाषेत 'असेकिया' म्हणतात; तो शब्द अरबी. पुकारा करणाऱ्या चोपदाराचा हुद्दा 'अल्ग्वासिल'. तो शब्द अरबी 'वजीर'वरून आलेला. आमच्या फडावरचा 'हवालदार' निम्मा अरबी, निम्मा फारसी. आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरने नोंदलेली लोकपरंपरा इथल्या जुन्या बंधाऱ्यांचे श्रेय मुसलमान राज्यकर्त्यांना देते. उलट दिशेचा प्रवासही आहे. अरबांनी स्पेनमध्ये नेलेला ऊस मुळात पूर्वेकडचा. स्पॅनिश 'असुकार' म्हणजे आपली शर्कराच, फारसी-अरबी मुखांतून फिरून गेलेली. 'नारांखा' म्हणजे आपले नारिंग. वालेन्सियाची संत्री जगभर जातात, तेव्हा आपल्या मुलुखाचा एक शब्दही त्यांच्याबरोबर फिरत असतो.

१२३८ साली आरागोनचा राजा जाउमे पहिला याने वालेन्सिया जिंकले. जिथे मशीद होती तिथे कॅथेड्रल उभे राहिले. पण पाण्याच्या बाबतीत या ख्रिस्ती राजाने विलक्षण शहाणपण दाखविले: पाट शेतकऱ्यांच्या हाती दिले, आणि सारासेनांच्या काळी जशी वहिवाट होती तशीच ती पुढे चालावी असे ठरवून दिले. न्यायालय मंदिराच्या आत न भरता दाराबाहेर का भरते, याचे एक स्पष्टीकरण लोक असे देतात की मुसलमान शेतकऱ्यांनाही तेथे उभे राहता यावे. हे खरे असो वा नसो, सांगणाऱ्यांना ते सांगावेसे वाटते हे महत्त्वाचे.

येथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. परंतु १६०९ साली स्पेनच्या राजाने मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला, आणि त्याची पहिली अंमलबजावणी वालेन्सियाच्या राज्यात झाली. त्या राज्यातील सुमारे एकतृतीयांश लोक जहाजांत भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडण्यात आले. ते कागदोपत्री आपले धर्मबांधव होते. गावेच्या गावे ओस पडली. शहरालगतच्या बागायतीत तोवर जुनी ख्रिस्ती वस्तीच अधिक असल्याने तेथले पाट वाहते राहिले, आणि गुरुवार चुकला नाही. ज्या लोकांच्या पूर्वजांनी ती वहिवाट घालून दिली ते गेले, वहिवाट राहिली. कॅथेड्रलच्या त्या सुंदर दाराकडे पाहताना हे विसरणे आम्हांला जमले नाही.

न्यायालय निर्दोष आहे, असेही कोणी समजू नये. वालेन्सियाचेच कादंबरीकार ब्लास्को इबान्येस यांनी १८९८ सालच्या 'ला बार्राका' या कादंबरीत खोट्या फिर्यादीमुळे या न्यायासनासमोर हकनाक दंड भरणारा शेतकरी रंगविला आहे. गावपंचायतीत काय होऊ शकते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोच.

भारतातून या पाटांकडे जाणारे आम्ही पहिले नव्हे. सिंकोनाची रोपे हिंदुस्थानात आणणारे क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी पूर्व स्पेनमधील सिंचनावर १८६७ साली अहवाल लिहिला. पाठोपाठ १८६७-६८ मध्ये स्कॉट-मॉन्क्रीफ हे अभियंते हिंदुस्थान सरकारच्या वतीने फ्रान्स, स्पेन व इटली येथील कालवे पाहून आले. एल्चे येथे जमिनीपासून सुटलेले पाणी लिलावाने विकले जाते आणि वालेन्सियात ते जमिनीला बांधलेले असते, विकता येत नाही, हा भेद त्या काळच्या निरीक्षकांच्या नजरेत चांगलाच भरला होता. साहेबांनी हजारो मैलांवर जाऊन पाहिले ते पाहण्याजोगेच होते, यात शंका नाही. मुंबई इलाख्यातील पांझरेचा काठ त्यांना जवळ पडला असता, एवढेच.

आणि पाण्याचे वेड घेऊन तिकडून इकडे आलेले एक जण आपल्यांपैकी वयस्करांना आठवत असतील. १९२० नंतरच्या काळात मुंबई मिशन स्पॅनिश येशूसंघीयांकडे आले. इतिहाससंशोधक फादर हेरास, वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ ही त्याच परंपरेतील नावे. त्याच वाटेने व्हिसेंते फेरर १९५२ साली भारतात आले आणि पुढे मनमाडला स्थिरावले. वालेन्सियाचा थोर संत विन्सेंट फेरर यांचेच नाव त्यांना होते. कोरडवाहू शेतकऱ्याने विहीर खणावी, खणण्याच्या काळात त्याच्या घरी गहू आणि तेल पोहोचावे, ही त्यांची योजना. १९६८ साली त्यांना महाराष्ट्र सोडावा लागला, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. १९६९ मध्ये ते परत आले, आंध्रातील अनंतपूरला गेले, पुढच्या वर्षी येशूसंघातून बाहेर पडले, आणि २००९ साली तिथेच वारले.

त्याच २००९ साली युनेस्कोने वालेन्सियाचे न्यायालय मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक संपत्तीवरील १९९० च्या आपल्या ग्रंथात या बाईंनी वालेन्सियाच्या पाटांचा दाखला दिला होता: सरकार आणि बाजार या दोहोंवाचूनही माणसे पाणी राखू शकतात, याचा तो पुरावा.

आमच्याकडे मात्र पुरावा विरघळत चालला आहे. वरच्या अंगाला लाटीपाड्याचे धरण झाले. नदीत पाणी केव्हा येणार हे आता गाव ठरवत नाही. विहिरी आल्या, मोटारी आल्या. ज्याच्या वावरात स्वतःचे पाणी आहे, त्याने फडाचे पीक का पाळावे? तो आपल्याला हवे ते लावतो, आणि एका फडात चार पिके झाली की बारेकऱ्याची पाळी निरर्थक होते. कोणा एकाचा यात दोष नाही. शेतकऱ्यांनी सिंचनाचा कारभार स्वतः करावा म्हणून महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला. जे कायद्यावाचून चालत होते, त्याची त्यात नीट विचारपूस झाली असती तर बरे झाले असते. वालेन्सियाची बागायतही शहराच्या वाढीने आक्रसली आहे, हे सांगितले पाहिजे. पण तिथे आठ खुर्च्या अजून दर गुरुवारी मांडल्या जातात.

परत आल्यावर आम्ही ही सारी हकिगत पाटाच्या काठी बसून एका वृद्ध जागल्याला सांगितली. राजा जाउमे, काळे अंगरखे, बाराचे ठोके. त्याने सर्व शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "तठला जागल्याले काय भेटस?"

ते आम्ही तिथे कोणाला विचारलेच नव्हते.