घरातले आवाज टिपण्यासाठी टेबलावरचा यूएसबी माईक : निवड आणि वापर

तिरला, धार आणि देवास येथील सभासद कुटुंबांकडून मंडळाकडे एक प्रश्न वारंवार येतो : ‘चांगला माईक कोणता घ्यावा?’ विचारणाऱ्यांची कामे मात्र निरनिराळी असतात. कुणाला गणपतीची आरती परदेशातल्या मुलांना थेट दाखवायची असते. कुणाला पॉडकास्ट सुरू करायचा असतो. कुणाला टंकलेखन जमत नाही, म्हणून बोलून मजकूर लिहायचा असतो. आणि बऱ्याच जणांना घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या असतात. या सर्वांना एकत्र उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

यातल्या शेवटच्या कामात आम्ही स्वतः एकदा चुकलो आहोत, ते आधी सांगतो. एका ज्येष्ठ सभासदांकडे बसून आम्ही त्यांच्या आठवणींचे दीड तासाचे ध्वनिमुद्रण केले. लॅपटॉप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याचाच आतला माईक वापरला, आणि मे महिना असल्याने डोक्यावर पंखा जोरात सुरू होता. घरी येऊन ऐकले तर आवाजापेक्षा पंख्याची घरघर जास्त. पावसाळा संपला की पुन्हा बसू, असे ठरले. दसऱ्यापूर्वीच ते गेले. ते ध्वनिमुद्रण आजही आमच्याकडे आहे, पण त्यातली निम्मी गावे आणि माणसांची नावे लागत नाहीत.

यावरून आम्ही एक क्रम धरला आहे : आधी काम ठरवावे, मग खोली, मग माईकचे अंतर, आणि सर्वांत शेवटी माईक.

यूएसबी माईक म्हणजे काय

सभागृहात वापरतो तो माईक एक्सएलआर तारेने मिक्सरला किंवा ॲम्प्लिफायरला जोडावा लागतो. यूएसबी माईकमध्ये आवाज टिपणारा भाग, तो वाढवणारा भाग आणि त्याचे अंकांत रूपांतर करणारा भाग हे तिन्ही एकाच डब्यात असतात. तार संगणकाला लावली की बहुधा तो लगेच ओळखला जातो. वेगळे साउंड कार्ड लागत नाही. ओटीजी जोडणीने अनेक अँड्रॉइड फोनवरही हे माईक चालतात. मात्र विजेची गरज फोनच भागवत असल्याने बॅटरी लवकर उतरते.

याच्या तीन मर्यादा खरेदीपूर्वीच लक्षात घ्याव्यात. पहिली, केवळ यूएसबी असलेला माईक सभागृहाच्या ॲम्प्लिफायरला लागत नाही. दुसरी, साध्या यूएसबी तारेची लांबी ५ मीटरपर्यंतच ठेवता येते, त्यामुळे मंचासाठी तो सोयीचा नाही. तिसरी, एका संगणकावर दोन यूएसबी माईक एकाच वेळी चालवणे त्रासाचे असते. ऑडॅसिटीसारखा कार्यक्रम एका वेळी एकाच उपकरणातून आवाज घेतो.

कंडेन्सर की डायनॅमिक

कंडेन्सर माईक नाजूक कानाचा असतो. बारीक आवाज, शब्दांची टोके, श्वाससुद्धा तो टिपतो. त्याच कानाने तो शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचा ट्रॅक्टरही टिपतो. डायनॅमिक माईकची संवेदनशीलता कमी असते. तो तोंडाजवळ घ्यावा लागतो, पण जवळ घेतला की खोलीतला गोंगाट त्या मानाने मागे पडतो.

पुस्तक-गाद्यांनी भरलेली शांत खोली असेल तर कंडेन्सर छान. फरशी, उघड्या भिंती, लोखंडी कपाट आणि रस्त्याकडेची खिडकी अशी आपली नेहमीची बैठकीची खोली असेल, तर डायनॅमिक घेतलेला बरा. आपल्याकडच्या बहुतेक घरांसाठी आम्ही डायनॅमिकच सुचवतो.

माईक कुठल्या बाजूचे ऐकतो

डब्यावर ‘कार्डिऑइड’ असे लिहिलेले असते. हा माईक समोरचे जास्त, बाजूचे कमी आणि मागचे सर्वांत कमी ऐकतो. एकट्याने बोलण्यासाठी हाच प्रकार योग्य. गोंगाट जिकडून येतो तिकडे माईकची पाठ करावी. काही माईकवर बटण फिरवून इतर प्रकार निवडता येतात. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा प्रकार समोरचे आणि मागचे ऐकतो. टेबलाच्या दोन बाजूंना बसून मुलाखत घेताना तो कामाचा. सर्व बाजूंचे ऐकणारा प्रकार चार-पाच जण गोल बसले असतील तर वापरता येतो, पण मग खोली खरोखर शांत हवी.

येथे एक नेहमीची चूक होते. काही उभे माईक टोकाकडून नव्हे, तर पुढच्या बाजूने ऐकतात. ब्ल्यू येती हा प्रसिद्ध माईक तसाच आहे. त्याच्या डोक्यावर तोंड आणून बोलले तर आवाज पोकळ येतो आणि माणूस माईकला दोष देतो. सोबत आलेल्या कागदावर बाजू दाखवलेली असते; ती आधी पाहावी.

तीन कामे, तीन गरजा

आठवणी आणि पॉडकास्ट : येथे आवाजाचा दर्जा महत्त्वाचा. माईकवरच हेडफोन लावायची जागा असावी, म्हणजे टिपला जाणारा आवाज त्याच क्षणी ऐकता येतो. आमची वरची चूक हेडफोनने पहिल्याच मिनिटात लक्षात आली असती.

थेट प्रक्षेपण : बोलणाऱ्यासाठी माईक बंद-चालू करण्याचे बटण असावे. कीर्तन, भजन किंवा आरतीला टेबलावरचा एकच माईक असेल तर तो गायकाजवळ ठेवावा. तबला आणि झांज त्याच्यापासून लांब. तबल्यावर आवाज फाटत नाही ना, हे आधी वाजवून पाहावे. सभागृहात मिक्सर असेल तर यूएसबी माईकचा आग्रह न धरता मिक्सरमधूनच ऑडिओ इंटरफेसने आवाज संगणकात घ्यावा. यूट्यूबवर पहिल्यांदा प्रक्षेपणाची सोय चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावे लागू शकते. ते काम चतुर्थीच्या सकाळसाठी ठेवू नये.

बोलून लिहिणे : एवढ्याच कामासाठी महाग माईक घेऊ नये. कानाला लावायचा साधा यूएसबी हेडसेट पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो, कारण मान वळवली तरी माईक तोंडापासून तेवढ्याच अंतरावर राहतो. गुगल डॉक्समध्ये टूल्स या यादीत व्हॉइस टायपिंग असते. तेथे भाषा मराठी निवडावी. यासाठी इंटरनेट लागते. स्वल्पविराम, पूर्णविराम नंतर हाताने घालायचे आहेत असे धरूनच चालावे. एका वाक्यात थांबून अडखळण्यापेक्षा पूर्ण वाक्य मनात जुळवून सलग बोलले तर चुका कमी होतात.

लिहिलेला मजकूर पुरेसा नाही

‘बोलले की आपोआप टाइप होते, मग आवाज कशाला साठवायचा?’ असे काही जण विचारतात. आपल्या बाबतीत या प्रश्नाला महत्त्व आहे. अठराव्या शतकात पवारांच्या सत्तेबरोबर धार आणि देवास येथे मराठी घरे आली, पुढे नोकरी-व्यवसायानिमित्त आणखी आली. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिल्याने आपल्या बोलण्यात हिंदी आणि माळवी मिसळली. आपण जिलबीला सहज जलेबी म्हणतो, आणि अर्धे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो. यंत्र मात्र मराठी निवडली की सगळे मराठीच समजून ऐकते. आजीचा माळवी शब्द त्याला कळला नाही, तर ते त्याच्या जवळचा वाटणारा भलताच शब्द लिहून मोकळे होते. शिवाय हेल, थांबणे, हसणे हे कागदावर येतच नाही.

बोली आवाजातच जपावी, हा विचार नवा नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या कामाबरोबर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अनेक भाषा आणि बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेतले गेले. आपल्या देवासला कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारपणात राहायला आले. येथल्या बायकांच्या तोंडची माळवी लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, जमवली, आणि त्यांतून त्यांच्या गाण्याला नवी वाट मिळाली. तेव्हा मजकूर जरूर करून घ्यावा, पण मूळ आवाज पुसू नये.

अंतर आणि खोली

माईकपासूनचे अंतर दुप्पट केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पंख्याचा आणि भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून स्वस्त माईक जवळ ठेवणे हे महाग माईक लांब ठेवण्यापेक्षा चांगले. डायनॅमिक माईक तोंडापासून चार-पाच बोटांवर, कंडेन्सर साधारण एका वितीवर ठेवावा. तो अगदी समोर न ठेवता किंचित तिरका ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना हवेचा फटका बसत नाही. फोमची टोपी किंवा जाळी मिळत असेल तर लावावी.

बसण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.
१. पंखा, कूलर, फ्रिज यांपैकी शक्य ते बंद करावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर बसावे आणि वीस-वीस मिनिटांचे भाग करावेत. वडीलधाऱ्यांनाही तेच सोसते.
२. खिडकीला जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, बोलणाऱ्याच्या मागे गादी किंवा गोधडी ठेवावी. घुमारा बराच कमी होतो.
३. माईकखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा. टेबलावर पेला ठेवल्याचा आवाजही माईकमध्ये जातो.
४. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे.
५. फोन केवळ मूक न करता दुसऱ्या खोलीत ठेवावा.

संगणकावरची मांडणी

माईक जोडल्यावर सेटिंगमध्ये ‘इनपुट’ म्हणून तोच निवडला आहे ना, ते पाहावे. पुष्कळदा माईक समोर असतो आणि आवाज लॅपटॉपच्या आतल्या माईकमधून जात असतो. खात्री करण्यासाठी माईकच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवावे. खरखर मोठ्याने ऐकू आली की तोच चालू आहे.

नेहमीच्या बोलण्यात आवाजाची सर्वांत उंच टोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहतील इतपत पातळी ठेवावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. ४८ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिट एवढे बोलण्यासाठी भरपूर आहे. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत. मूळ फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी. एकेरी वाहिनीत अशा तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ३४५ एमबी जागा लागते. नातेवाइकांना पाठवायला त्याची एमपी३ प्रत करावी; ६४ केबीपीएस दराने तीच फाइल सुमारे २९ एमबी होते. यासाठी ऑडॅसिटी आणि थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस, हे दोन्ही कार्यक्रम विनामूल्य मिळतात.

विकत घेताना

भाव सतत बदलतात, म्हणून येथे देत नाही. पण वर्गवारी अशी धरता येईल. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स हे डायनॅमिक आहेत आणि दोन्हींना यूएसबी व एक्सएलआर अशा दोन्ही जोडण्या आहेत. घरी संगणकाला आणि सभागृहात मिक्सरला लावता येत असल्याने आपल्या गरजेला ते चांगले जुळतात. शुअर एमव्ही७ त्याच जातीचा, पण बराच महाग. रोड एनटी-यूएसबी मिनी हा लहान कंडेन्सर शांत खोलीत एकट्याने बोलण्यासाठी. ब्ल्यू येतीत चार दिशा-प्रकार निवडता येतात, म्हणून मुलाखतीला सोयीचा. पण खोली शांत हवी.

दुकानात पुढील गोष्टी तपासाव्यात : आपल्या लॅपटॉपला वा फोनला लागणारी तार आहे का, स्टँड सोबत आहे का आणि तो हलत नाही ना, हेडफोनची जागा आहे का, पक्के बिल व हमीपत्र मिळते का, आणि परत करण्याची मुदत किती. घरी आणताच त्या मुदतीत आपल्याच खोलीत दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ऐकावे. पैसे मर्यादित असतील तर माईकवर सगळे न घालवता थोडे हेडफोन आणि स्टँडसाठी राखावेत.

ध्वनिमुद्रणानंतर

सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. फाइलच्या नावातही तेच लिहावे. ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ पाच वर्षांनी कुणालाच कळत नाही. प्रती किमान दोन ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी. बाहेर ऐकवण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, आणि एखादा भाग वगळा म्हटले तर वगळावा.

आणि शेवटचे. योग्य माईक मिळेपर्यंत थांबू नये. माईक नसेल तर हातातला फोन घ्यावा, पंखा बंद करावा, फोन बोलणाऱ्यापासून एका वितीवर ठेवावा आणि या रविवारीच बसावे. माईक पुढच्या महिन्यातही बाजारात मिळेल.