ढगात चकणारे होकायंत्र

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी विमानांत बसवले जाणारे होकायंत्र मूलतः जहाजांवरच्या होकायंत्राचीच लहान आवृत्ती होती, आणि त्याचे दोन दोष नाविकांना जुन्या काळापासून ठाऊक होते: भौगोलिक व चुंबकीय उत्तरेतला कोन, म्हणजे दिक्पात, आणि जवळच्या लोखंडामुळे सूचीला येणारे विचलन. पहिल्याची वजावट नकाशावरून होई; दुसऱ्यासाठी विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना फिरवून दुरुस्तीचा तक्ता तयार केला जाई. उत्तरेकडे जाणारे विमान ढगात शिरले की सूचीला जोडलेली तबकडी भलतीकडेच का फिरते, याचे उत्तर मात्र या दोहोंत नव्हते, आणि दोष ढगांच्या माथी मारला जाई.

हे कोडे कीथ ल्यूकस यांनी सोडवले. केंब्रिजमध्ये मज्जातंतू व स्नायूंवर मूलगामी संशोधन केलेले हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ 1914 मध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत दाखल झाले होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षितिजाला समांतर नसून त्याच्याशी कोन करते. या कोनाला नती म्हणतात, आणि इंग्लंडमध्ये ती सुमारे 67 अंश आहे. विमान वळताना कलते, तबकडीही त्याच्याबरोबर कलते, आणि मग क्षेत्राचा खाली ओढणारा घटक सूचीच्या उत्तर टोकाला झुकत्या बाजूकडे खेचतो. उत्तरेकडून पूर्वेला वळणाऱ्या विमानात त्यामुळे तबकडीही पूर्वेकडे फिरते, कधी विमानापेक्षाही वेगाने, आणि वळण पश्चिमेला होत असल्याचा भास निर्माण करते. क्षितिज न दिसणारा वैमानिक तो भास खरा मानून उजवीकडे अधिकच वळे, वळण आवळत जाई आणि शेवटी विमान गिरक्या घेत कोसळे. अलिबागला नती इंग्लंडच्या निम्म्याहूनही कमी असल्याने तिथे हा दोष बराच सौम्य राहतो. जहाज वळताना फारसे कलत नसल्याने नाविकांनाही तो कधी जाचला नव्हता.

तबकडीचे आंदोलन संथ ठेवले तर ती वळणाच्या अल्पावधीत फार ढळणार नाही, हे ओळखून ल्यूकस यांनी नवे होकायंत्र रचले. 5 ऑक्टोबर 1916 रोजी सॉल्झबरी प्लेनवर दोन विमानांच्या टकरीत वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. शरीरक्रियाशास्त्र आणि विमानविद्या या दोन्ही शास्त्रांची ही फार मोठी हानी होती.

पुढे जायरोस्कोपवर चालणारे दिशादर्शक आले, आणि 1929 मध्ये जेम्स डूलिटल यांनी केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून उतरवले. पण जायरोचे दिशादर्शकही हळूहळू सरकत असल्याने त्यांची चुंबकीय होकायंत्राशी वेळोवेळी जुळणी करावी लागते, आणि ती विमान सरळ, समतल व एकाच वेगाने उडत असतानाच करायची असते.