दगडी झाडांचे घर

अ‍ॅरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानातील ‘पेंटेड डेझर्ट इन’ जपली, म्हणजे नेमके काय जपले? हर्बर्ट लोअर यांनी १९२०च्या दशकात अश्मीभूत लाकडाने बांधलेले विश्रामगृह १९३७–४०च्या पुनर्बांधणीत प्युब्लो शैलीच्या गिलाव्याआड गेले. खालची माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. भिंतींना तडे जात राहिले. १९६३मध्ये दारे बंद झाली, पुढे वास्तू पाडण्याचाही बेत झाला. लोकांनी विरोध केला; १९८७मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. माझ्या मते, तिचे खरे मोल होपी चित्रकार फ्रेड कॅबोटी यांच्या १९४८च्या भित्तिचित्रांत आहे. एकात होपी तरुण मीठ आणायला झुनी सरोवराकडे निघाले आहेत; ती वाट विश्रामगृहाहून कितीतरी जुनी. २००६मध्ये संपलेल्या दुरुस्तीने वास्तूला १९४९चे रूप दिले. लोअर यांचे दगडी लाकूड गिलाव्याखालीच राहिले.