ओवी तुटली की हात काढायचा

पांढरकवड्याच्या काळ्या मातीत दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो. आमच्या आजीच्या सगळ्या बाळंतपणांच्या गोष्टी त्या हंगामाला बांधलेल्या. कोणतं मूल कधी झालं हे ती तारखेनं सांगत नसे. थोरला काका वेचणीच्या आरंभीच्या सीतादहीच्या आठवड्यातला, माझे वडील शेवटच्या फरदडीतले, आत्या पऱ्हाट्या उपटल्यावरची, असं तिचं पंचांग.

वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधतात. कापूस वेचायचा, ओटीत टाकायचा, ओटी भरली की धुऱ्यावर नेऊन गाठोड्यात ओतायचा. पोटुशी बाईचा नियम मात्र वेगळा होता. पाचव्या महिन्यानंतर ओटी पोटावर नाही, पाठीवर टाकायची, आणि अर्धी झाली की रिकामी करायची. कमरेतून वाकायचं नाही, खालचं बोंड सोडून द्यायचं, ते मागून येणारी वेचेल. हे कुणा डॉक्टरानं सांगितलेलं नव्हतं. गावची सुईण सांगायची आणि साऱ्याजणी ऐकायच्या. पण मजुरी वजनावर. अर्धी ओटी आणि सोडलेलं बोंड म्हणजे संध्याकाळी काट्यावर कापूस कमी. त्यामुळे नियम सगळ्यांना ठाऊक असे, पाळणं मात्र जिच्या घरात दाणे असत तिलाच परवडे.

डोहाळजेवणाला हमखास कुणीतरी म्हणतं, “पूर्वीच्या बायका शेवटपर्यंत राबायच्या, म्हणून सुखरूप सुटायच्या.” मला हे वाक्य सहन होत नाही. आजीच्या गोष्टींत न सुटलेल्या बायकाही आहेत. तिची धाकटी जाऊ आठव्या महिन्यात भरली घागर घेऊन नदीच्या दरडीवर घसरली. आधी मूल गेलं, मग ती. आजी हे सांगताना जावेचं नाव घेत नसे, नुसतं “ते” म्हणायची. राबणं आणि व्यायाम यांच्यात फरक आहे, तो मला त्या गोष्टीतून कळला.

जात्याची गोष्ट ती वेगळ्या आवाजात सांगे. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, खुंटा हातात, आणि कमरेपासून अंग गोल फिरतंय. गर्भारपणात जातं पूर्ण सुटत नसे, पण सासूनं एक अट घातली होती. “ओवी म्हणत दळाचं. ओवी तुटली का हात काढाचा वं पोरी, मंग मी बसतो.” श्वास पुरत नाही, शब्द अर्ध्यात मोडतोय, म्हणजे अंगाला झेपेल त्याच्या पुढे गेलीस, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या बाईनं ओळखलं होतं. आज डॉक्टर गरोदर बाईला हेच मोजमाप देतात. चालताना किंवा व्यायाम करताना सलग बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर वेग कमी करा. जात्यावरची ती गोल हालचाल ‘चक्कीचालन’ म्हणून आता गर्भवतींच्या योगवर्गात शिकवतात, फक्त दळण नसतं आणि जात्याचं वजनही नसतं.

मुसळाबद्दल तर वाद फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तो नोंदवलेला सापडतो. काहींचं म्हणणं असं, की कळा सुरू झालेल्या बाईनं मुसळ घेऊन उखळातलं धान्य कांडावं, मधूनमधून जांभया द्याव्यात, फेऱ्या माराव्यात. भगवान आत्रेय ते मान्य करत नाहीत. गर्भिणीला कठोर व्यायाम कायमच वर्ज्य सांगितला आहे, आणि प्रसूतीच्या वेळी तर विशेषच, म्हणून मुसळ नको. फेऱ्या मात्र माराव्यात. सुश्रुतानं गर्भिणीला व्यायामाबरोबर उकिडवं बसणंही वर्ज्य केलं आहे. आमच्या बायकांचा चूल, भांडी, सारवण, सगळा संसारच उकिडव्यानं चाले. त्यांना हे वाचून दाखवलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे.

उलट बाजूचं निरीक्षण एका इंग्रज डॉक्टरबाईनं करून ठेवलंय. कॅथलीन वॉन काश्मिरात काम करत होत्या. पडद्यात, उन्हाशिवाय, हालचालीशिवाय राहणाऱ्या बायकांची हाडं मऊ पडून कटी आवळलेली आणि बाळंतपणं अडलेली त्यांनी पाहिली. होड्यांवर राहून वल्हवणाऱ्या हांजी बायका त्या मानानं सहज सुटत. १९२८ साली त्यांनी पडदा आणि मातृत्व यांवर लिहिलं. तिथं घरात बसवून ठेवणं घातक ठरत होतं, आमच्याकडे घागर. दोन्हीकडे बाईला विचारलं कुणी नव्हतं.

डॉक्टरांचं मतही स्थिर नव्हतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८५ साली सांगितलं, गरोदर बाईच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत, जोराचा व्यायाम १५ मिनिटांपलीकडे नको. १९९४ साली ही ठोक्यांची मर्यादा त्यांनीच काढून टाकली. २०२० च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटना म्हणते, डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल हवी.

माझी भाची सातव्या महिन्यात पांढरकवड्याला माहेरपणाला आली. तिकडे नोकरी खुर्चीतली, इथं आई पाण्याचा तांब्याही उचलू देईना. शेवटी उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला गेलो तेव्हा तिनं स्वतःच विचारून घेतलं. रक्त बरं होतं, दाब बरा होता, वार खाली नव्हती. आमच्या भागात सिकलसेलची तपासणीही महत्त्वाची, कारण तो आजार असेल तर अतिश्रम आणि अंगातलं पाणी कमी होणं यानं दुखणं उसळतं. तीही झाली. मग तिला मोकळीक मिळाली.

सकाळी ऊन चढायच्या आत अंगणात फेऱ्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा चालणं घरातच, पंख्याखाली, ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत. फरशी कोरडी आहे ना हे आधी पाहायचं, कारण गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि पोटामुळे तोल पुढे जातो. भिंतीला तळहात टेकून, कोपरं वाकवून पुढे यायचं आणि मागे ढकलायचं. भक्कम खुर्चीवर बसायचं, उठायचं. हातगुडघ्यांवर येऊन पाठ मांजरीसारखी हळू वर घ्यायची, मग सपाट करायची. कंबरदुखीला तिला याचाच सर्वांत जास्त आराम पडला. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून सोडायचे, हे तर डाळ निवडत बसल्याबसल्या होतं. उताणं पडून मात्र काही नाही. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन गरगरतं, म्हणून टेकायचं तर कुशीवर. श्वास कोंडायचा नाही, कपालभाती नाही. आणि रक्त दिसलं, पाणी गेलं, छातीत दुखलं, डोकं फार ठणकलं, चक्कर आली, एका पोटरीला सूज आली, पोट ठरावीक अंतरानं आवळायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तिथंच थांबून दवाखाना. ही यादी तिनं फ्रिजवर लावली होती. आईनं चष्मा लावून ती वाचली, आणि त्या दिवसापासून तांब्यावरची बंदी उठली.

भाचीला ओवी येत नाही. ती फेऱ्या मारताना आईशी फोनवर बोलावं तशी मोठ्यानं बोलते, दम लागला की ओसरीच्या पायरीवर बसते. तिला कुणी “का थांबलीस” विचारत नाही. आजीच्या आयुष्यात हा प्रश्न विचारणारे पुष्कळ होते, आणि सर्वांत कठोरपणे विचारणारा तो वजनाचा काटा.

थांबायची ही मुभा कायद्यानं मिळावी म्हणून जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतीच्या रजेची बाजू मांडली. १९२९ साली तिथं कायदा झाला, १९३० साली मध्य प्रांतातही. पण तो कारखान्यातल्या बायांसाठी होता. कापसाच्या शेतातली बाई त्यात बसत नव्हती. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला बुडालेल्या मजुरीपोटी पाच हजार रुपये मिळतात. वेचणीच्या ऐन हंगामात त्यावर किती दिवस घरी बसता येईल, हे वेचणारीला विचारावं.

आमच्या शेतात गेल्या हंगामात सहावा महिना लागलेली एकजण आली. वहिनीनं तिला वजनातून काढलं आणि रोजानं लावलं, इतर बायांच्या सरासरीइतकीच मजुरी. काम धुऱ्यावर सावलीत, कापसातला कचरा आणि पाती निवडायचं, मधून उठून फिरायचं, वाटेल तेव्हा पाणी, वाटेल तेव्हा घरी. शेजारचा शेतकरी म्हणाला, “असं केलं तं साऱ्या बाया रोज मागतीन.” वहिनी म्हणाली, “पोटुशा असतीन त्यायनं मागावा.” यंदा वेचणी सुरू व्हायच्या आत त्याच्या बायकोनं येऊन विचारलं, वहिनी सरासरी कशी काढते म्हणून.