रानपिंगळ्याची खोटी नोंद

आमच्या सोमाटण्यात रात्री घरामागच्या चिंचेवर पिंगळा ओरडतो. "अभद्र बोलतोय, हाकला त्याला," असे घरात कोणीतरी म्हणतेच. मी मात्र हाकलत नाही. या पिंगळ्याचा एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. त्याची हकीकत वाचल्यापासून हा आवाज आला की मला माझी मास्तरकी आठवते.

रानपिंगळाही एवढासाच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत आणि शिकार करतो ती दिवसाढवळ्या. १८७२ साली छत्तीसगडच्या बसना भागात तो ब्लेविट यांना मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. १८८४ साली जेम्स डेव्हिडसन यांनी आपल्या खानदेशात शेवटचा नमुना मिळवला. त्यानंतर पक्षी दिसेनासाच झाला.

फक्त एक नोंद नंतरची होती. १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवी येथे तो मिळाल्याचे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी लिहून ठेवले होते. मोठा माणूस, कोण शंका घेणार? शोधणारे तिकडेच शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला. तो निघाला डेव्हिडसन यांचाच. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली!

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेनबाई आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणी गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! आज मेळघाटात, तानसातही तो आढळतो.

आता माझे सांगतो. मुलाचे नाव घालायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे. मी रजिस्टरात "१ जून" लिहून मोकळा होई. दोन प्रश्न विचारले असते, पोळ्याच्या आधी की नंतर, सुगीत की पेरणीत, तर खरी तारीख जवळपास सापडली असती. तेवढाही वेळ मी काढला नाही. माझ्या अक्षरातली ती तारीख लेकरांच्या दाखल्यावर, नोकरीत, निवृत्तीपर्यंत गेली.

माझ्या मनात कपट नव्हते, हे खरे. पण कागदाला ते कुठे कळते?

असो. पिंगळा अजून ओरडतोय. ओरडू दे.